वसुली खात्यातून थेट क्षमेच्या वर्गात

आधी व्यवहाराचं सांगते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला नगरमधल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये हा बायबल अभ्यासवर्ग भरतो. विषय ऋणमाफी आणि दातृत्व. फी दोनशे रुपये, त्यात झेरॉक्स केलेली पुस्तिका आणि चहा. फी जमत नसेल तर नुसतं नाव लिहून बसायचं, कोणी कारण विचारत नाही. विषयाला इतकी धरून असलेली फीची पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. गाडी लावायला आवारात जागा आहे. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, कंबरेचा त्रास असणाऱ्यांनी उशी न्यावी. चहा गोडमिट्ट.

मी पतसंस्थेत वसुली विभागात काम करते. थकीत कर्जाची यादी, नोटीस, जामीनदाराच्या घरी चक्कर, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, हे माझं रोजचं. चर्चच्या मंडळीतल्या काही जणी मला ‘वसुलीवाल्या ताई’ म्हणतात, प्रेमाने म्हणतात असं मी धरून चालते. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मी लहानपणापासून दर रविवारी म्हणते आणि सोमवारी दहा वाजता यादी उघडते. त्यामुळे या वर्गाची जाहिरात वाचल्यावर मी नाव घातलं ते थोडं भक्तीने आणि बरंचसं कुतूहलाने. पैशाच्या ऋणाबद्दल खरंच बोलणार, की पहिल्या दहा मिनिटांत ऋण म्हणजे पाप असं सांगून मोकळे होणार, हे मला बघायचं होतं.

शिकवणाऱ्या पाळकबाई नेवासे-शेवगावकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये बरीच वर्षं काम करून आलेल्या आहेत, आणि ते लगेच कळतं. उचल, हातउसने, शेकडा तीन, सोनं गहाण, भिशी, बचत गटाचा हप्ता हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फळ्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला हिशेब मांडला. एक राजा, त्याचा एक दास, देणं दहा हजार तालांत. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, येते तीच. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षात तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. आजची मजुरी पाचशे रुपये धरली तर तीन हजार कोटी. जोसेफस हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो की तिथला सत्ताधीश हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया हे त्याचे दोन प्रांत मिळून वर्षाला दोनशे तालांत महसूल मिळायचा. तेव्हा येशूचं बोलणं ऐकणाऱ्या गालीलकरांच्या अख्ख्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल त्या एका दासाच्या नावावर थकलेला होता. ‘इतकं कर्ज मंजूर कोणी केलं?’ असं मी विचारलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, कुठलाच शहाणा राजा एवढं देणार नाही, म्हणून तर ऐकणारे तिथेच कान टवकारत असतील.

पण मला आवडला तो पुढचा भाग. राजा ते सगळं देणं सोडून देतो. तोच दास बाहेर येतो आणि शंभर दिनारांसाठी सोबतच्या दासाचा गळा धरतो. उपदेशांत मी कायम ऐकलंय की शंभर दिनार म्हणजे अगदीच किरकोळ. बाईंनी त्याचाही हिशेब मांडला. शंभर दिवसांची मजुरी, पाचशेच्या दराने पन्नास हजार. आता पन्नास हजार किरकोळ कोणाला वाटतात? आमच्याकडे एवढ्याच थकबाकीपायी सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. त्या दुसऱ्या दासाचं देणं खरं होतं, आणि ते सोडायचं म्हणजे पहिल्याच्या खिशाला खरी चाट होती. पुस्तिकेत बाईंनी लिहिलंय की हा दाखला छोट्या कर्जाला छोटं म्हणत नाही, फक्त मोठ्याच्या शेजारी ठेवतो. फी इथेच वसूल झाली.

त्यावर चहाच्या वेळी मी माझ्या धंद्यातलं एक सांगितलं, ते पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात वापरलं, म्हणून इथेही लिहिते. आमच्याकडे कर्जाचं निर्लेखन करतात. वर्षानुवर्षं येत नसलेलं कर्ज, त्याची पूर्ण तरतूद झाली की ठरलेल्या मंजुऱ्या घेऊन ताळेबंदातून काढायचं. लोकांना वाटतं, कर्ज माफ झालं. तसं काहीच होत नाही. ताळेबंद स्वच्छ दिसतो, पण रोखा कपाटातच असतो, वसुली चालू राहते, जामीनदार सुटत नाही. आम्ही भावकीत आणि चर्चमध्ये एकमेकांना क्षमा करतो ती बहुतेक या जातीची असते. चारचौघांत खातं बंद, कपाटात रोखा शाबूत. आणि खरी माफी म्हणजे काय, तर ती रक्कम हवेत विरत नाही. घेणाऱ्याने भरली नाही तर सोडणाऱ्याने भरलेली असते. कोणाच्या तरी नावे ती पडतेच. राजाने तीन हजार कोटी सोडले तेव्हा राजा तेवढ्याने गरीब झाला, हे वाक्य उपदेशात कोणी म्हणत नाही.

जुन्या करारावरच्या दोन संध्याकाळी सगळ्यांत भरीव. तिथल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोला सांगितलंय की तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, तो स्वतः आणून देईल. माझ्या खात्यातल्या प्रत्येक नव्या पोराला हे शिकवायला हवं. मी स्वतः कधी ओटा ओलांडत नाही, आणि त्यामागे सभ्यतेइतकाच अनुभव आहे: घरात शिरलं की बोलणं पैशावरून माणसावर जातं. त्याच अध्यायात जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असं आहे, कारण ते त्या घराचं जगणं गहाण घेतल्यासारखं होतं. ‘निर्गम’ या पुस्तकात गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यायला सांगितलंय, कारण गरीब दुसरं काय पांघरणार. आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात कारागिराची हत्यारं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांच्यावर जप्ती चालत नाही. मी हे सांगितल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘म्हणजे कोर्टाने बायबल वाचलंय की काय!’ वाचलंय की नाही ते माहीत नाही, पण दोघांनीही गरिबाचं घर आतून पाहिलेलं आहे.

नहेम्याचा पाचवा अध्याय मी आधी कधी नीट वाचलाच नव्हता, आणि हा तर थेट आमच्या जिल्ह्याचा. दुष्काळ, धान्यासाठी शेत गहाण, राजाचा कर भरायला आणखी कर्ज, मग पोरंबाळं दास्यात, आणि सावकार परके नाहीत, आपल्याच भावकीतले. नहेम्या हा तिथला सुभेदार. तो सगळ्यांना बोलावून फटकारतो, शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा, घरं परत द्यायला लावतो आणि पैशाचा, धान्याचा शंभरावा हिस्सा सोडायला सांगतो. तो हिस्सा दरमहाचा धरला तर शेकडा एक, वर्षाला बारा टक्के. इथे हॉलमध्ये एकदम शांतता झाली, कारण बारा टक्क्यांना आमच्याकडे स्वस्त कर्ज म्हणतात. खासगी सावकाराचा शेकडा तीन आणि शेकडा पाच सगळ्यांना पाठ आहे.

मास्तरांनी मग १८७५ चा विषय काढला. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. बऱ्याच ठिकाणी लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. बाईंनी फरक नेमका दाखवला: सुप्यात ऋणकोंनी रोखे जाळले, नहेम्याने धनकोंच्याच तोंडून सोडतो असं वदवून घेतलं, याजकांसमोर शपथ घालून. आणि लगेच असंही म्हणाल्या की नहेम्या आला नाही तर सुपे होतं. ही चर्चा लांबली, चहा थंड झाला, कोणाची तक्रार नव्हती.

सातव्या वर्षाच्या ऋणमाफीवर मात्र माझं आणि बाईंचं जुंपलं. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सात वर्षांनी ऋण सोडायचं सांगितलंय, आणि तिथेच इशाराही आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला द्यायला हात आखडू नको. म्हणजे लिहिणाऱ्याला धनकोचं मन पक्कं ठाऊक होतं. लोक हात आखडायचेच. इतके, की येशूच्या थोडं आधी हिलेल नावाच्या मोठ्या यहुदी गुरूने ‘प्रोझबूल’ हा लेख काढला: कर्ज न्यायालयाच्या हवाली केल्याचं लिहून द्यायचं, मग सातव्या वर्षी ते सुटत नाही. बाईंना ती पळवाट वाटते. मला वाटत नाही. हिलेलने ते केलं कारण गरिबाला कोणी दारात उभं करेना. कर्ज मिळणंच बंद झालं तर माफी कशाची करणार? आमच्याकडे उलटं घडतं. २०१७ आणि २०१९ च्या सरकारी कर्जमाफ्यांत पतसंस्थांचं कर्ज बसत नव्हतं, तरी घोषणेचा वास लागला की आमचेही हप्ते थांबायचे. तिथे देणाऱ्याचा हात आखडायचा, इथे घेणाऱ्याचा. बाईंनी माझं पूर्ण मान्य केलं नाही, पण पुढच्या बॅचच्या पुस्तिकेत हिलेलची बाजू अर्धं पान घालते म्हणाल्या.

आता जे जमलं नाही ते. मधल्या एका शुक्रवारी बाहेरून वक्ते बोलावले होते. नाव घेत नाही. त्यांनी दोन तास ऋण म्हणजे पाप, ऋणमाफी म्हणजे पापातून मुक्ती, एवढंच फिरवून फिरवून सांगितलं. त्याला माझी हरकत नाही, वधस्तंभाबद्दल प्रेषित पौलाने कलस्सैकरांना जे पत्र लिहिलंय त्यात आपल्याविरुद्धचा ऋणलेख खोडून खिळ्यांनी ठोकल्याचं आहेच. पण नंतर त्यांनी समोरच्यांना डोळे मिटायला लावून ‘ज्याने तुमचे पैसे बुडवले त्याला आत्ता, या क्षणी माफ करा, हात वर करा’ असं चालवलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे घर विकून आलेले पैसे दिराने वापरले होते. हात वर न करता बसणं त्या हॉलमध्ये किती अवघड होतं, ते मी बघितलं. धनको म्हणजे नेहमी राजाच असतो असं धरून बोललं की असं होतं. कधी धनको विधवा असते आणि ऋणको बुलेटवरून फिरत असतो. मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट आपण दानाच्या रविवारी वाचतो, पण तिच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल काय म्हटलंय, ते वाचून दाखवायला या वक्त्यांना वेळ मिळाला नाही. पुढच्या शुक्रवारी पाळकबाईंनी ते वाचलं, आणि जक्कय या लुबाडणाऱ्या जकातदाराची गोष्टही वाचली. जक्कयाने माफी मागून विषय मिटवला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मी त्याला वसुली खात्याचा संत मानते.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याच्या पैशाने उदार होणं. लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी धन्याच्या ऋणकोंना बोलावून शंभर बुधले तेलाचे पन्नास करतो, शंभर माप गव्हाचे ऐंशी. या दाखल्यावर वर्गात वीस मिनिटं दिली, दोन तास हवे होते. कारण माझ्यासारखीला हाच प्रश्न रोज पडतो. समोरचा रडतो, परिस्थिती खरी असते, पण संस्थेतला पैसा माझा नाही, पेन्शनीतून मुदत ठेव ठेवलेल्या म्हाताऱ्यांचा आहे. मी तो सोडला तर मी दयाळू दिसेन आणि बिल त्या म्हाताऱ्यांना जाईल. मला जे करता येतं ते हप्ता लहान करणं, दंडव्याज सोडण्याची शिफारस करणं, आणि ओट्याबाहेर उभं राहणं. बाकीची माफी माझ्या स्वतःच्या पैशातूनच व्हायला हवी. तिथे माझी परीक्षा आहे आणि ती मी इथे मांडणार नाही.

पुस्तिकेत एक पान नाही त्याची मला चुटपुट लागली. जर्मनीत १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात वायरबुश गावचा तरुण महापौर फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन याने भाकरीची संस्था काढली. श्रीमंतांकडून पैसा घेऊन गरिबांना पीठ-पाव उधारीवर. माणूस पक्का धार्मिक, शेजाऱ्यावर प्रीती करणं हेच कारण. पण नुसत्या श्रीमंतांच्या दानावर संस्था टिकत नाही असा त्याला अनुभव आला, आणि १८६४ मध्ये त्याने हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांची स्वतःची पतसंस्था उभी केली, सगळे सगळ्यांना बांधील. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच नमुन्यावर बेतलेला. म्हणजे माझ्या टेबलापर्यंत आलेली वाट एका ख्रिस्ती माणसाच्या दानाच्या अपुरेपणातून निघाली आहे. दातृत्वाच्या वर्गात हे यायलाच हवं.

दानाच्या संध्याकाळी मी थोडी कमी रमले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा-नववा अध्याय, मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी यरुशलेमसाठी दिलेलं, संतोषाने देणारा देवाला प्रिय, हे सगळं चांगलं शिकवलं, पण ओळखीचं. मिझोरामच्या स्त्रियांची मूठभर तांदळाची रीत मात्र सगळ्यांना भावली. १९१० पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायका प्रत्येक स्वयंपाकाला शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात, तो तांदूळ चर्चला जातो आणि विकून त्यातून सेवाकार्य चालतं. ज्यांच्या हातात पैसा नव्हता त्यांनी हातात होतं त्यातून दिलं. आमच्या कापणीच्या सणाच्या लिलावात एक कोंबडी चौदाशेला जाते आणि घेणारा फोटो काढून घेतो. मूठ काढताना फोटो निघत नसावा.

शेवटचा शुक्रवार पौलाने फिलेमोनला लिहिलेल्या पत्राचा होता, आणि या एका तासासाठी मी वर्गाला पाचपैकी चार तारे देते. एक तारा बाहेरच्या वक्त्यांपायी कापला. फिलेमोनचा दास अनेसिम धन्यापासून दुरावलेला, बहुधा काही नुकसान करून. पौल तुरुंगातून त्याला परत पाठवतो आणि लिहितो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावे मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. मी आतापर्यंत जामीनदारांच्या हजारो सह्या पाहिल्या, त्यातल्या कितीतरी ‘साहेब, नुसती सही पाहिजे होती म्हणून केली’ या जातीच्या. बायबलमधल्या नीतिसूत्रांत तर सरळ म्हटलंय की दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नको, फेडायला नसेल तर अंगाखालचं अंथरूण जाईल. पौलाला नीतिसूत्रं पाठ असणार. तरी त्याने सही केली, आणि ती तुरुंगात बसून, जिथून फेडणं सोपं नव्हतं. वर पुढच्याच ओळीत फिलेमोनला चिमटाही काढला, की तू स्वतः माझं किती देणं लागतोस ते मी बोलत नाही. बाईंनी ही ओळ वाचताना हसू आवरलं नाही, आणि बरं केलं.

कोणी जावं? ज्यांचे पैसे कुठेतरी अडकलेत त्यांनी, ज्यांनी कोणाचे अडकवलेत त्यांनीही. नवराबायको दोघं गेलात तर घरी परत येताना बोलायला विषय मिळेल, भांडायलाही. नुसतं आत्मिक काहीतरी ऐकायचं असेल तर दुसरे वर्ग आहेत. बायबल स्वतःचं न्या, हॉलमधल्या प्रती फार थोड्या आणि बारीक अक्षरांच्या.

संयोजकांना एक सूचना: पुढच्या वेळी जामीनदारांसाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा, फिलेमोन आणि नीतिसूत्रं एकत्र घेऊन. आमच्या शाखेत सूचनाफलकावर जाहिरात लावायची परवानगी मी मिळवून देते. जागा आधीच वाढवून ठेवा, त्या यादीत नावं बरीच आहेत. आणि त्या दिवशी चहात साखर जरा बेताने घाला.